मागच्या दारानं जा

मी बौद्ध शिक्षकाची मुलगी. अंगात येणं, करणी, भूतबाधा... असल्या गोष्टींना आमच्या घरात थारा नव्हता, आणि मलाही त्या कधी पटल्या नाहीत. तरीही हे लिहितेय.

२००८ च्या आसपासची गोष्ट. माहेर मंठ्याचं, सासर बदनापूरला, स्टेशनजवळ दोन खोल्या. नवरा मारायचा. पट्ट्यानं, लाटण्यानं, हातात येईल त्यानं. माहेरी सांगायची सोय नव्हती – वडील हार्ट पेशंट. दुपारी तो कामावर असला की लहानग्या पिंकीला शेजारच्या चाचीकडे ठेवून मी नेट कॅफेत जायचे. तिथं एका मराठी फोरमवर बायका बोलायच्या.

आधी मी लिहिलं, "माझ्या मैत्रिणीला नवरा मारतो, तिनं काय करावं?" उत्तरं आली – पोलिसांत जा, वकील गाठा. बरोबरच होती, पण कोरडी. एके दुपारी राहवलं नाही. लिहिलं, "मैत्रीण नाही, मीच. काल त्यानं माझं तोंड भिंतीवर आपटलं. दात पडला. टाइप करताना अजून रक्त गिळतेय."

मग धडाधड उत्तरं यायला लागली. एकीच्या पाठीवर इस्त्रीचा डाग होता. दुसरीचं पोटातलं बाळ लाथेनं गेलं होतं. सल्ला कुणीच देत नव्हतं, सगळ्या आपापलं सांगत होत्या. मी तोंडावर ओढणी धरून रडत होते... तेवढ्यात खाली एक उत्तर आलं. वर नाव नव्हतं.

"पिंकी चाचीकडे नाही. त्यानं घरी आणलीय. पुढच्या दाराआड कुऱ्हाड घेऊन उभा आहे. मागच्या दारानं जा."

मुलीचं नाव मी कुठंच लिहिलं नव्हतं. चाचीचा उल्लेखही नाही.

मी पळत सुटले. मागच्या दारातून पाहिलं – पिंकी स्वयंपाकघरात मुसमुसत बसलेली, आणि पलीकडच्या खोलीत तो पाठमोरा, दाराला चिकटून. हातात कुऱ्हाड. पिंकीला उचललं तशी ती किंचाळली. तो वळला.

"नेटवर कुणाशी बोलून राह्यली गं तू?"

पहिला घाव चौकटीत बसला. दुसरा माझ्या खांद्यात. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला... मी अंगणात पडले, पिंकी माझ्या अंगाखाली. त्यानं पुन्हा हात उचलला तेव्हा चाचीनं मुसळ त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो कोसळला तरी ती मारतच राहिली. "भाग बेटी, जल्दी!"

कुणीतरी त्याला माझ्या कॅफेतल्या फेऱ्या सांगितल्या होत्या, हे नंतर कळलं. तो तुरुंगात गेला. माझा डावा हात अजून वर जात नाही.

टाके निघाल्यावर भावाला घेऊन कॅफेत गेले. ते उत्तर तिथं नव्हतं. फोरम चालवणाऱ्या बाईंनी कळवलं – असं कुणी लिहिलंच नाही, काही पुसलेलंही नाही. पण त्या जागी माझ्या नावानं एक ओळ होती : "बरं ताई, मागूनच जाते." खाली बायकांनी विचारलं होतं, "अगं, कोणाशी बोलतेस?"

ती ओळ मी लिहिलेली नाही. मी तर तशीच उठून पळाले होते...

"डोक्याला मार बसल्ता ताई, भास झाला," भाऊ म्हणाला.

असेल. पण पिंकी घरी आहे, हे त्या डोक्याला कुणी सांगितलं?