आईसारखी चाल

माझ्या बीटमधला नाला मी हजारदा ओलांडला असेल. त्या दिवशी वणवा अडवणारी जाळरेषा साफ करणाऱ्या मजुरांना हाक मारत उडी घेतली, पाय दगडात अडकला, अंग वळलं आणि गुडघ्यात कट्कन आवाज झाला. मी वनरक्षक आहे, बीटमधलं, म्हणजे माझ्या वाट्याचं जंगल चालणं हीच माझी नोकरी. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. चंद्रपूरला ऑपरेशन झालं आणि मी कुबड्या घेऊन चामोर्शीजवळच्या गावी आईकडे येऊन पडले.

साहेब भला माणूस. फोनवर म्हणाले, "आरामात या. नाहीच जमलं तर ऑफिसात टेबल देऊ." त्या टेबलाच्या नावानंच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बीट गेली तर माझ्याकडे दुसरं होतं काय? म्हणून मी व्यायामाला भिडले. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, दाबायची, दहा मोजायचे, सोडायची. मांडी इतकी वाळली होती की दोन्ही पाय एकाच बाईचे वाटत नव्हते. मी जरा टंगळमंगळ केली की आई ओरडायची, "काऊन थांबली वं? दाब ना!"

कुबड्या सुटल्या, मी चालू लागले, आणि गल्लीतल्या बायकांना भारी कौतुक वाटलं. "अगदी मायवानी चालून राह्यली!"

खरंच होतं. आई डावा गुडघा ताठ ठेवून पाय जरा बाहेरून फिरवत टाकते. लांबूनही ओळखू येते. लहानपणी मी तिची नक्कल करून बायकांना हसवायचे, आणि तीही हसायची. आता तीच चाल आपसूक माझ्यात उतरली म्हणून मी थोडी खूशच होते. रक्ताचा गुण, दुसरं काय!

चंद्रपूरची फिजिओथेरपिस्ट पोरगेलीशी, पण जिभेची तिखट. तिला हे कौतुक अजिबात पटलं नाही. "रक्ताचा गुण कसला? हे लंगडणं आहे. गुडघ्यावर भरवसा नाही म्हणून तुम्ही तो वाकवतच नाही. हीच सवय लागली तर जंगल विसरा."

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. मग तिने मला उलटं चालायला लावलं. मागे पाऊल टाकताना गुडघा वाकवावाच लागतो, मांडीला काम पडतं. मी भिंतीला धरून एक पाऊल मागे टाकलं आणि घाबरून तिथेच उभी राहिले. बाकावर बसलेली आई फस्सकन हसली.

"एवढ्याले भेते? रोवणीत जनमभर उलटंच त चाललो मी."

आमच्याकडे बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं रोवताना बायकांची रांग चिखलात मागे मागे सरकत जाते, रोवलेलं तुडवलं जाऊ नये म्हणून. आईने पदर कमरेला खोचला आणि खोलीभर मागे मागे चालून दाखवलं. भराभर. दोन्ही गुडघे सारखे वाकत होते. मग ती ऐटीत पुढे चालत आली, आणि पुन्हा तोच ताठ डावा पाय.

हसत बघणारी फिजिओथेरपिस्ट एकदम गंभीर झाली. तिने आईला तीनदा मागे-पुढे चालवलं, मग टेबलावर झोपवून गुडघा वाकवला आणि नडगी दोन्ही हातांनी धरून ओढली. नडगी सैल होऊन पुढे सरकली. ऑपरेशनच्या आधी माझी अशीच सरकायची.

"बाई, हा लिगामेंट कधी तुटला?"

"तुटला नाई," आई म्हणाली. "एकदा शेताच्या धुऱ्यावरून घसरलो होतो, डोक्यावर पऱ्ह्याचा भारा होता. ही तवा वर्षाची. लय सुजला होता बाप्पा! हळद-चुना लावला."

"मग?"

"मंग काय? रोवणी सुरू होती ना. एक बाई कमी झाली त साऱ्या रांगेचं काम अडते. चवथ्या दिवशी गेलो."

मला चार महिन्यांची रजा होती. मला टेबलाची भीती वाटत होती. आईला "आरामात या" म्हणणारं कुणी नव्हतं, आणि तिच्या त्या तुटलेल्या गुडघ्याची नक्कल करून मी अंगणात टाळ्या मिळवल्या होत्या. सरळ सांगते, मान वर करायची लाज वाटली.

ऑपरेशनची आता गरज नाही, मांडीत ताकद आली तर लंगडणं बरंच कमी होईल, असं फिजिओथेरपिस्ट म्हणाली. तिने आईलाही व्यायाम लिहून दिले. पुढे माझा पाय सुधारला, बीटही टिकली. पण मनात राहिलं ते त्या दिवशीच्या परतीच्या बसमधलं बोलणं. वाटेतलं मूल गाव मागे पडल्यावर मी धीर करून विचारलं, "त्याच्या आंधी तू कशी चालत होती, आई?"

"चालत कुठी होतो?" ती सहज बोलून गेली. "पळतच राहो. दुपारी बांधीतून घरी, तुले पाजाले. तू रडत राह्य ना."

छत्तीस वर्षांची झाले. माझी आई पळायची, आणि माझ्यासाठी पळायची, हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा कळलं.