करंगळीवरची पिशवी

घरातून निघताना बाई पिशवी करंगळीला अडकवायच्या आणि हात पुढं ताठ धरून उभ्या राहायच्या. करंगळी वाकली की पिशवी खाली. "करंगळीला झेपत नाही ते मी नेत नाही," असं म्हणून त्यातली एखादी वस्तू काढून ठेवायच्या. मग पुन्हा करंगळी. परभणीच्या एसटी स्टँडवरसुद्धा हा प्रयोग चालायचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत मानवतच्या नाहीतर झरीच्या गाडीची वाट बघत तुम्ही तिथं उभे राहिला असाल, तर तुम्हीही पाहिलं असेल: सुती पातळ, जाड काचांचा चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट आणि हवेत धरलेली पिशवी. लोक हसायचे. जो हसायचा त्याच्या हातात बाई आमचं नामांतराचं पत्रक द्यायच्या.

पूर्वी त्यांची पिशवी अशी नव्हती. ती पिशवी नव्हतीच, तो संसार होता. बाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, मधुमेह जुना. रोज सकाळी इन्सुलिनची सुई. ते दिवस काचेच्या सिरिंजचे. ती स्टीलच्या डबीत, सोबत स्पिरिटची बाटली, कापूस, सिरिंज उकळायला वातीचा छोटा स्टो आणि पातेली. इन्सुलिन गार राहावं म्हणून रुंद तोंडाचा थर्मास. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बाटल्या, गुडघ्याचा पट्टा, पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली, साखर उतरली तर खडीसाखर आणि बिस्किटं. आणि या सगळ्याच्या उरावर आमच्या पत्रकांचा गठ्ठा.

पत्रकं मी लिहायचो. त्या वयात मला वाटायचं की शब्द जितका जड तितका घाव खोल.

बाई ज्या सोवळ्या घरातल्या, तशा घरांतून नामांतराच्या बाजूनं उघड बोलणारी माणसं आमच्या शहरात शोधावी लागायची. नातेवाइकांनी त्यांना कार्याला बोलावणं बंद केलं. "बरं झालं," बाई म्हणाल्या, "तिथले लाडू मला वर्ज्यच होते." तोंडानं असं म्हणायच्या आणि मानवतच्या स्टँडवर उतरल्या की एक जिलेबी खायच्या. मी डोळे वटारले की म्हणायच्या, "ही औषधात धर." बाई साध्वी वगैरे नव्हत्या हे लिहून ठेवतो. हट्टी होत्या, दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडायच्या, आणि एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टाकून खुशाल घोरायच्या.

मग त्यांचा उजवा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना, वेणी घालता येईना. गुडघ्यांनी आधीच दगा दिलेला. डॉक्टर चिडले. म्हणाले, "बाई, एक तर पिशवी कमी करा, नाहीतर फिरणं बंद करा."

बाई म्हणाल्या, "फिरणं बंद होणार नाही. पिशवीचं बघते."

त्या संध्याकाळी त्यांनी सतरंजीवर सगळी पिशवी उपडी केली. मी समोर होतो. त्यांनी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: ही गोष्ट लोकांच्या घरात असते का? स्टो? "घरोघर चूल आहे." गेला. पाणी? गेलं. डबा? "भाकर नसलेलं घर मला दाखव." थर्मास? एका दिवसापुरती बाटली ओल्या फडक्यात राहते, डॉक्टरांनीच सांगितलेलं. गोळ्यांच्या बाटल्या घरी, एका दिवसाच्या गोळ्यांची पुडी पदराला.

"पण बाई, परक्या घरात चूल मागणार?"

"परकं कसलं? जिल्हाभर माझ्या शाळेतल्या पोरी नांदायल्यात. आणि वस्तीत गेले तर तिथली चूल काय कमी पेटते?"

मग त्यांनी माझं पत्रक उचललं. चार पानी.

"हे एका पानात कर."

"बाई, त्यात मुद्दे आहेत!"

"मुद्दा एक आहे, बाकीची विशेषणं आहेत. तुझा एकेक 'प्रतिगामी' आणि 'सनातनी' माझ्या खांद्यावर बसतो. लिहितोस तू, वाहते मी."

मी फणकारलो, रात्रभर खोडत बसलो आणि एक पान आणलं. त्यांनी ते करंगळीवर तोललं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्धं कर." चळवळीत लिहायला मला कुणी शिकवलं असं लोक विचारतात. एका बाईच्या दुखऱ्या खांद्यानं शिकवलं.

आता गिरणीचं सांगतो.

झरीच्या पुढं एक गाव आहे. तिथल्या वस्तीतली पोरं नामांतराच्या मोर्चात आली, त्यांनी घोषणा दिल्या, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यावर गावानं काय करावं? गिरणी बंद केली! गिरणी चालूच होती, फक्त वस्तीचं दळण घ्यायचं नाही. मारलं नाही, जाळलं नाही, कुणाला बोट लावलं नाही, म्हणून तक्रार घ्यायला कुणी तयार नाही. आणि त्या बाया ज्वारी डोक्यावर घेऊन रोज झरीपर्यंत पायी. मजुरी बुडवून. उन्हात. ज्या हातांनी ती ज्वारी खुडली, त्याच हातांची ज्वारी जात्याला बाटवते! मी त्यावर चार पानं लिहिली होती. ती त्या गावात गेली आणि किराणा दुकानात पुड्या बांधायच्या कामी आली.

"गिरणी कुणाची?" बाईंनी विचारलं. मी नाव सांगितलं. "त्या घरात माझी शकुंतला दिलेली आहे. सातवीत माझ्या वर्गात होती. उद्या जाऊ. पत्रक नको."

"पत्रक नको?"

"रिकामा चल."

सकाळच्या पहिल्या गाडीनं झरी, तिथून बैलगाडी. वाटेत वस्तीतल्या बाया भेटल्या, टोपली डोक्यावर घेऊन झरीकडं निघालेल्या. बाईंनी गाडी थांबवली आणि एका म्हातारीकडं शेरभर ज्वारी मागितली.

म्हातारी म्हणाली, "ज्वारी काय करताव बाई? दळलेलं पीठच देते की घरून. आमच्या हातचं चालत आसंल तर."

"तुमच्या हातचं चालतं. पण मला ज्वारीच पाहिजे."

रुमालात ज्वारी बांधली, पिशवीत टाकली. मी म्हणालो, डॉक्टरांनी वजन उचलू नका सांगितलंय. बाईंनी करंगळी पुढं केली. वाकली नाही.

शकुंतलेला कोण आनंद! पायावर डोकं काय ठेवलं, पाट काय मांडला. "बाई, तुमी कवा आलाव? सांगावा तरी धाडायचा!" नवरा शेतात गेला होता. गिरणी घराला लागूनच, मधे एक दार. बाईंनी चुलीवर सिरिंज उकळून मागितली, आत जाऊन सुई घेतली आणि बाहेर येऊन पाटावर बसल्या.

"शकू, आता मला अर्ध्या तासात खायला लागतं. नाहीतर साखर उतरते. मग घाम येतो, भ्रम होतो, माणूस कोसळतं."

"आत्ता टाकते भाकर!"

"थांब." बाईंनी रुमाल काढला. "ही ज्वारी दळ. हिचीच भाकर खाईन."

"घरात पीठ हाय की, बाई."

"ही वस्तीतली ज्वारी आहे."

शकुंतलेच्या हातातला तवा खाली गेला. मीही बघतच राहिलो. मला यातलं एक अक्षर बाईंनी सांगितलं नव्हतं.

"बाई, तसं करू नका. गावानं ठरीवलंय. मालक येऊ द्या, मी बोलते त्यायला."

"येऊ दे. मी बसते."

"पर तुमी सुई घेतलीव ना!"

"घेतली."

मी खिसे चाचपले. काही नव्हतं. खडीसाखर आणि बिस्किटं त्यांनी घरीच काढून ठेवली होती, आणि मी मूर्ख समजत होतो की ते वजनासाठी. शकुंतलेनं गूळ आणला. बाईंनी ओठ मिटले. मी दरडावलं, हात जोडले, शेवटी ओरडलो. म्हणालो, बाई, हा आत्मघात आहे, हा आपला मार्ग नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला त्या घराचा संताप आला, गावाचा आला, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त बाईंचा आला.

आधी कपाळावर घाम आला. मग हात थरथरायला लागले. मग डोळे भलतीकडं लागले. बाई शकुंतलेकडं बघून म्हणाल्या, "उभी राहा. ओली झालीस का? खिडकीजवळ बसू नको म्हटलं ना तुला, ताप उतरला नाही अजून." सातवीच्या वर्गात होत्या त्या. शब्द जड पडत होते.

शकुंतला पदर तोंडात कोंबून उभी होती. तशीच वळली, रुमाल उचलला आणि मधल्या दारातून गिरणीत गेली. खटका पडला. मोटार घरघरली, पट्टा फिरला.

आवाज ऐकला तेव्हा बाईंनी तोंड उघडलं. मी गूळ कोंबला. बोट चावलं त्यांनी माझं.

नवरा शेतातून पळत आला. भलत्या वेळी मोटार कुणी चालवली ते त्याला कळेना. दारात शकुंतला पिठानं पांढरी झालेली.

"कुणाचं दळायलीस?"

"बाई मरायल्या व्हत्या आपल्या दारात. त्यायचं दळायले."

"कुणाची ज्वारी हाय, ते इचारलं मी."

बोलल्या बाई, भिंतीला टेकून, खोल आवाजात. "जावईबापू, वस्तीतली आहे. बघून या, बिघडलं का तुमचं जातं."

तो खरंच आत गेला. जात्याला हात लावून पाहिला असावा. बाहेर आला तोवर दाराशी ती मघाची म्हातारी उभी होती. बाईंना ज्वारी कशाला हवी ते ओळखून ती वाटेवरूनच माघारी फिरली होती. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. टोपल्या डोक्यावरच. त्यानं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ओसरीवर पाठ करून बसला. शकुंतलेनं पहिली टोपली उतरवून घेतली.

गावात पुढं पुष्कळ बोलणी झाली, शिव्याशाप झाले. पण वस्तीसाठी खटका पुन्हा बंद झाला नाही.

परभणीत आल्यावर डॉक्टर बाईंवर ओरडले ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "इन्सुलिन औषध आहे, हत्यार नाही!"

"मला काय माहीत, ती एवढा वेळ लावील," बाई म्हणाल्या. "वर्गात हुशार होती."

तो उपाय त्यांनी परत केला नाही. करू दिला नसताच आम्ही. फिरल्या मात्र. नजर गेली तेव्हा हात धरून फिरल्या. चुडाव्याला गेलो तर फलाटावर विचारायच्या, "समोर कोण उभं आहे? पत्रक दे त्याला." नामांतराचा निकाल लागायच्या आधीच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मधुमेहानं मूत्रपिंडं खाल्ली होती. निकाल लागला त्या दिवशी शहरात गुलाल उधळला, मी पोस्टरं चिकटवत होतो. कुणीतरी विचारलं, बाई कुठंयत? मी पोस्टरला खळ लावत राहिलो.

त्या गेल्याचं शकुंतलेला सांगायला मीच गेलो होतो. दुपारची वेळ. गिरणी चालू, दारात बायांची रांग, गावातल्या आणि वस्तीतल्या. मी जात्याच्या आवाजात ओरडून सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडलो. तिनं खटका बंद केला.

एकदम शांत झालं. पट्टा थोडा वेळ फिरत राहिला आणि थांबला. शकुंतला पिठाच्या हातांनी डोळे पुसत उभी. रांगेत कुणी हललं नाही. किती वेळ बंद ठेवायची, ते कुणालाच कळेना.

शेवटी ती म्हातारी बोलली. फार थकली होती ती आता.

"चालू कर गं पोरी. बाईला बंद गिरणी बघवत न्हवती."