बिअरवरची मळी
परवा नातसुनेनं गच्चीवर बिअरचा कॅन उघडला आणि त्या आंबूस वासासरशी मला साताऱ्याजवळच्या आमच्या घरातली जत्रेची एक दुपार आठवली. लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून आमचे फौजी मालक वर्षभर जावयाशी बोलले नव्हते. पण जत्रेच्या मटणाला त्याला बोलावल्यावाचून भागेना. तो सासऱ्यासाठी शहरातून महागडी बिअर घेऊन आला, तर मालकांनी मिलिटरी कॅन्टीनची स्वस्तातली काढली. पाहुण्यांना बाटल्या दिसू नयेत म्हणून मी शहाणीनं दोन्ही आधीच दोन तांब्यांत ओतल्या, तर वर हा एवढा फेस. मी गुऱ्हाळाच्या घरची लेक, फेस म्हणजे उकळत्या उसाच्या रसावरची मळी, काढून टाकायची घाण, एवढंच मला ठाऊक, म्हणून पळीनं तो काढत बसले. महागडीला जास्त निघाला, तेव्हा पोराला दुकानदारानं फसवलं म्हणून हळहळलेसुद्धा. आतल्या खोलीत दोघं एकमेकांकडं न बघता घोट घेत होते. "तुमची छान आहे, बाबा," जावई कसाबसा म्हणाला. मालकांनी तांब्यात डोकावून मला विचारलं, "ह्यातला फेस कुटं गेला गं?" मी म्हटलं, "मळी व्हय? काढली की. जावयाच्यात लय घाण हुती." मालकांना हसता हसता ठसका लागला. "फेस काढला की बिअर मेली. जावईबापू, तुमची बी मेली, माजी बी मेली. सांजच्याला दुसरी आणू, मग ठरवू कुणाची भारी ते." जेवून लगेच निघणारा जावई मुक्कामाला राहिला. महाग चांगली की स्वस्त, हा त्या दोघांचा वाद अजून चालू आहे, आणि मी दोघांकडूनही घोट घेऊन निकाल लांबणीवर टाकत असते.