दहाव्याच्या आतली तारीख

हे मी कुणाला बोललो नाही. पोराला नाही, सुनेला नाही, देवळात एकटा असताना देवालासुद्धा नाही. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतो. चौथी शिकलेला माणूस आहे, गोड लिहिता येत नाही. आणि गोड लिहावं असं यात काही नाहीच.

आज फ्रिजच्या दारात परत तो डबा आला. इंजेक्शनांचा. माझी सून रोहिणी — माहेर कवठे येमाईचं, अंगानं बारीक, जिद्दीनं दांडगी — दुसऱ्या लेकरासाठी परत पुण्याच्या दवाखान्यात जायला लागलीय. रोज संध्याकाळी सातला पोटात सुई. पहिली पोर, ओवी, ती पण अशीच सुया टोचून झालेली, लग्नानंतर नऊ वर्षांनी. आता पावणेतीन वर्षांची आहे. आईनं डबा काढला की बर्फाचा खडा घेऊन पळत येते, आईच्या पोटाला लावते आणि म्हणते, "गाल गाल." आई हसते. मी बाजेवर बसून बघतो आणि माझ्या डोक्यात जाळ होतो. कुणावर? — थांबा. तिथंच यायचंय.

दुसऱ्या लेकरासाठीच्या मागच्या खेपेला सुई टोचायचं काम ओवीच्या आजीकडं होतं. म्हणजे माझ्या बायकोकडं. तिला वीस वर्षं साखर, रोज स्वतःला टोचून घ्यायची, हात बसलेला. "सुईला भ्यायचं न्हाई गं, सुईनं आपल्याला भ्यायचं," म्हणायची आणि टोचून मोकळी. भावकीतल्या बाया चेष्टा करायच्या — आमच्या सासवा तर नुसत्या तोंडानंच टोचायच्या.

रोहिणीच्या तीन सुया झाल्या आणि हिच्या, माझ्या बायकोच्या, छातीत कळ आली. आमच्या राहू गावाहून गाडी केली, दौंडला दवाखान्यात टाकलं. तिथं तीन दिवस काढले तिनं. चौथ्या दिवशी सकाळी गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. ओसरीवर भावकी बसलेली. माझा पोरगा, शिक्रापूरला कंपनीत आहे, तो घरातनं बाहेर आला. मान खाली. म्हणाला, "आबा, उद्या पुण्याला तपासणी हाय तिची. आन् दोन-तीन दिसांनी अंडी काढायचीत. न्हाई गेलं तर समदं वाया जाईल." माझा चुलतभाऊ दामूआण्णा तंबाखू मळत बसला होता. वर न बघता म्हणाला, "आईची राख गार व्हायचीय, आन् ह्यांना पाळण्याची घाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घरातला थोरला. मी म्हणालो, "दहावा होईस्तोवर फाटकातनं गाडी भायेर जायची न्हाई."

दारात रोहिणी उभी होती, ओवी कडेवर. त्या दिवशी सात वाजले. तिनं डबा काढला नाही.

लोक म्हणाले, माणसानं रीत सांभाळली. कसली रीत? त्याच दहा दिवसांत दोन्ही वेळचं दूध डेअरीला गेलं. कॅन मी भरले, सुतकाच्या हातांनी. दूध नाही बाटलं. दामूआण्णाच्या नातवाची बारावीची परीक्षा होती. भावकी एक, सुतक एक — तरी तो मोटारसायकलवर बसून गेला, पेपर लिहून आला, आणि कुणी ब्र काढला नाही. त्याची तारीख ती तारीख. आणि माझ्या सुनेची? ती काय जत्रेला चालली होती? दामूआण्णाला आजही बघितलं की थोबाडात मारावीशी वाटते. पण त्यानं काय केलं? तो नुसता बोलला. निकाल मी दिला.

एवढं गावाला माहीत आहे. एवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो.

गावाला दौंडची शेवटची संध्याकाळ माहीत नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो. सात वाजले तसा हिनं माझ्याकडून व्हिडिओचा फोन लावून घेतला, रोहिणीला समोर बघत सुई टोचून घ्यायला लावली. फोन ठेवला. मग माझं मनगट धरलं. धाप लागली होती, पण शब्द न् शब्द नीट आला. "अवं, मी गेले तरी पोरीची तारीख चुकवू नका. सुतकात असली तरी धाडा तिला. दामूभावजी आडवं येतील, त्यांना सांगा, मी सांगून गेलीय."

माझ्या बायकोचा शेवटचा निरोप हा. आणि मी तो गिळला.

का? दुःखात होतो, ध्यानात राहिलं नाही, असं म्हणता येईल. पोरानं उद्या विचारलं तर तेच म्हणेन असं मी ठरवूनही ठेवलं होतं. खोटं आहे ते. ओसरीवर तो निरोप दोनदा जिभेवर आला होता. दोन्ही वेळा मी आत ढकलला.

मला राग आला होता. मरणाऱ्या बाईचा राग — लिहिलं एकदाचं. तीन दिवस, तीन रात्री मी त्या स्टुलावर बसून होतो. तिनं एकदा विचारलं नाही, चहा घेतलात का. तुमचं कसं व्हायचं, हे नाही. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि जाताना तोंडात सुनेची तारीख. ओसरीवर पोरगा "तारीख" म्हणाला आणि माझ्या मनात आलं — बघू आता कशी चुकत नाही. मेलेल्या बाईला मी हरवायला निघालो होतो. हरली कोण?

आता रोहिणी एकोणचाळीसची आहे. डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा होती तेवढी अंडी आता नाहीत. औषध वाढवलंय, पोट हिरवंनिळं झालंय, आणि ही खेप शेवटची. पाळणा हलेल की नाही, मला ठाऊक नाही. तेव्हा हलला असता का, तेही ठाऊक नाही. ते ठाऊक करून घ्यायची वाट मी बंद केली.

आणि रोहिणी काय म्हणते? परवा शेजारीण हळहळली, बाई, मागच्या वेळचं वाया गेलं तुझं. तर म्हणाली, "जाऊ द्या काकू. आत्यांसाठी तेवढं तरी करता आलं मला."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती समजते, सासूच्या मानासाठी थांबले. सासू तिला जा म्हणाली होती. मला अजून ती "मामा, जेवून घ्या" म्हणते, पहिली भाकरी मला वाढते, आणि मी जेवतो. रोज जेवतो.

दौंडपासून राहूला यायला तासभर लागतो. तो निरोप मी अजून पोचवलेला नाही. रोहिणी घरातला कागद न् कागद वाचून मगच टाकते. तुमच्यासाठी लिहिलेला हा कागद आता फ्रिजच्या दारात ठेवतोय, डब्याशेजारी.

उद्या सकाळी सहाला तिची तपासणीची गाडी निघायचीय. ओवी माझ्याकडं राहील. फाटक मी उघडणार आहे.