सोसायटीच्या नावेचा फ्लोअर

फायबरचं काम करणाऱ्याकडे कुलरच्या, टाक्यांच्या, फार तर गणपतीच्या साच्यांच्या गोष्टी असाव्यात. माझ्याकडे मात्र सगळ्या एका नावेच्या साठल्या आहेत. गेवराईच्या माझ्या शेडमध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "मिस्तरी, ती नाव सांगा." सांगतो. रेझिनच्या वासानं डोकं गरगरतं, हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला म्हणायची तसदी नको.

तर दुष्काळाचं साल. तलवाड्याकडच्या एका तलावात मच्छीमार सोसायटीची जुनी फायबरची नाव होती. होती म्हणजे काय, तलाव आटलेला आणि नाव भेगाळलेल्या गाळावर पडलेली. चेअरमन भानुदासअण्णांचं म्हणणं, पाणी नाही तोवर दुरुस्ती उरकून घेऊ, आतला फ्लोअर फार मऊ झालाय. किती मऊ ते दाखवायला अण्णा रुबाबात नावेत चढले आणि नडगीपर्यंत आत गेले!

दोघांनी धरून बाहेर काढल्यावर म्हणाले, "बगितलं? सोसायटीत आमी आसंच रुतलोय."

*

सभासद सगळे टायरच्या ट्यूबवर बसून जाळी टाकणारे. नाव दोनच कामांना निघायची. पुढारी पाहणीला आले की, आणि तलावात कुणी बुडालं की पोलिसांना मढं काढून द्यायला. दोन्ही वेळा वल्हवायला त्यांच्यातलाच सोपान.

मी हातोड्याच्या दांड्यानं फ्लोअर ठोकत गेलो. चांगल्या जागी टण वाजतं, कुजलेल्या जागी भद्द. जिथं भद्द, तिथं खडूची खूण. खुणा जोडून मागं सरलो, तर माणसाच्या लांबीचा आकार!

अण्णांनी उलगडा केला. मढं उतरवलं की ती जागा लिंबाचा पाला टाकलेल्या पाण्यानं धुवायची, घागरीवर घागरी ओतायच्या, अशी सोसायटीची रीत. "पुढारी बसून गेल्यावर बी धुतो, पर थोडक्यात," अण्णा म्हणाले. ते पाणी स्क्रूच्या भोकांतून खालच्या प्लायमध्ये मुरत गेलेलं. कारण अगदी साधं होतं. तरी मी त्या रेघेच्या आत पाय ठेवला नाही, कडेकडेनंच फिरलो.

*

सोसायटीच्या जनरेटरवर ग्राइंडर लावून फ्लोअर कापला. आतला प्लाय भिजलेल्या भाकरीसारखा हातात आला, आणि त्याच्याखाली पाणी! गावात टँकरची वाट बघून बायका थकलेल्या, तलावाच्या तळाला थेंब नाही, आणि या नावेच्या पोटात पाणी. हात घातला तर गार. बाहेर ऊन असं की लोखंडाला हात लावता येत नव्हता.

जवळच नामदेवबुवा शेळ्या घेऊन बसले होते. त्यांनी घमेलंभर पाणी उपसून शेळ्यांपुढं ठेवलं. तहानेल्या शेळ्या धावत आल्या, वास घेतला आणि सगळ्याच्या सगळ्या मागं सरल्या.

"शेरडं गटारीचं बी पित्यात, मिस्तरी," एवढं बोलून बुवांनी शेळ्या हाकल्या. स्वतःचं घमेलंही तिथंच सोडून गेले.

*

पाणी साठलं कशानं, ते शोधलं. नावेच्या मागच्या अंगाला पाणी निघून जायला भोक असतं. ते चिंध्या आणि डांबर कोंबून बुजवलेलं होतं. हा उद्योग कुणाचा म्हणून विचारलं, तर अण्णांनी आधी सोपानकडं बघितलं.

मग हळूहळू कळलं. सोपानचा धाकटा भाऊ बाळू याच तलावात बुडाला होता, तलाव भरलेला असताना, अडकलेलं जाळं सोडवताना ट्यूबवरून पडून. सोपाननं हीच नाव घेऊन सगळं पाणी पालथं घातलं, पण बाळू सापडला नाही. न सापडलेला माणूस भोकातून नावेत शिरतो, असं म्हाताऱ्या सभासदांनी ठरवलं आणि सोपानला न सांगता भोक बंद केलं. इकडं त्याच्या आईनं दहावं करू दिलं नाही. आधी माझं पोरगं आणा, मग काय ते करा, हा तिचा हट्ट. तलाव आटल्यावर सोपान सगळा गाळ तुडवून आला. हाडूकसुद्धा मिळालं नाही.

तो त्या भोकाशी बसून बोटानं डांबर उकरत होता. "मंजे त्याला यायचं आसंल, तर वाट आमीच बंद केलती," तो म्हणाला. मला त्याच्याकडं बघवेना. मी पिशवीतून नवं बूच शोधायला लागलो.

*

नवा वॉटरप्रूफ प्लाय कापला, दोन्ही अंगांनी रेझिन पाजलं, कडा भरल्या, वर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायला घेतली. उन्हाळ्यात हार्डनर जरा जास्त पडला की रेझिन डब्यातच दगड होतं, म्हणून जपून काम चाललेलं. एवढ्यात सोपानची आई आली आणि नावेच्या सावलीला बसली. बराच वेळ काम बघून तिनं विचारलं, "किती वजन पेलंल?"

मी ऐटीत सांगितलं, मावशी, चार गडी नाचले तरी हलायचा नाही.

"भिजलेला माणूस लई जड आस्तो, बाबा."

मी मॅटचा आणखी एक थर चढवला.

*

पुढं पाऊस झाला, तलावात पाणी आलं. अण्णांनी नारळ फोडला. पहिली फेरी एकटाच मारतो म्हणून सोपान निघाला. सकाळची वेळ, वारा अजिबात नाही. अण्णा आणि मी काठावर. माझी नजर नाव पाण्यात किती खाली बसते त्यावर.

मध्यावर गेल्यावर सोपाननं वल्ही आत घेतली आणि नुसता बसून राहिला. मग नाव डावीकडं कलायला लागली. एकदम नाही. पोहणारा माणूस तिचा काठ धरून वर चढताना कलते, तशी हळूहळू.

"फुटली का, मिस्तरी?" अण्णांनी माझा दंड धरला.

सोपान उठला नाही, ओरडला नाही. उजव्या काठाकडं सरकून बसला. नाव सरळ झाली. तो वल्हवत परत आला, तेव्हा ती जाताना होती त्याहून चांगलीच खाली बसलेली होती.

काठाला लागल्याबरोबर मी आत वाकून बघितलं. फ्लोअर ठणठणीत कोरडा. सोपान खाली उतरला. एका हातानं त्यानं नाव धरून ठेवली आणि दुसरा हात रिकाम्या नावेकडं पुढं केला. नाव अलगद वर आली.

आमच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"चल," तो म्हणाला. "माय वाट बगती."