आप्पांजवळचा माणूस

आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी नंदुरबारला मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन मी माहेरी परतले होते. तेव्हा ‘शीक, नोकरी कर’ असं म्हणणारे सगळ्या तळोद्यात फक्त आप्पाच होते. आई पुढे वारली आणि त्या घरात ते एकटे राहू लागले.

झटक्यानं त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. मी महिन्याची रजा काढली. ती संपत आली तेव्हा त्यांना नंदुरबारला न्यायचं ठरवून दारात बैलगाडी आणली. दोघांनी त्यांना उचललं, तर त्यांनी डाव्या हातानं खाटेचा खूर असा धरला की बोटं सोडवता सोडवता मीच रडायला लागले. गाडी परत पाठवली. त्यांना घर सुटत नव्हतं आणि मला नोकरी सोडता येत नव्हती.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी डोंगरातला एक पावरा आदिवासी माणूस त्यांना बघायला आला. पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी. आप्पा जंगलखात्यात नाकेदार होते. धडगावच्या डोंगरात त्यांची वीस वर्षं गेली, तेव्हा हा त्यांच्या हाताखाली होता. आल्या आल्या त्यानं आप्पांच्या काखेत हात घातला, त्यांना अलगद वर सरकवलं, पाठीशी गोधडीची वळकटी लावली. आप्पांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. महिनाभरात मला ते एकदाही नीट जमलं नव्हतं.

“राहशील का इथं? पगार देईन,” मी म्हटलं.

“ऱ्हासू. पण होळीले घर जासू,” तो म्हणाला.

निम्मा पगार त्याला द्यायचं ठरलं. शेजारच्या काकू दोघांच्या भाकरी करून द्यायला तयार झाल्या, पण ऐकवल्याशिवाय नाही. “पैसा दिसनी बाप संभाळतस का कोनी?” पैसे देऊन बाप दुसऱ्यावर सोपवणं त्यांना पटत नव्हतं.

दीड महिन्यानं मी आले. मोटार, मग तापीची नाव, मग पुन्हा मोटार, असं करत दुपारी घरी पोचले तर आतून बोलण्याचा आवाज येत होता. आवाज आप्पांचा होता! शब्द अडखळत होते, पण ते बोलत होते, आणि मध्येच हसलेसुद्धा. मी पिशवी ओट्यावर टाकून आत धावले.

ते त्या माणसाची पावरी बोली बोलत होते. त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. मला बघून आप्पा थांबले. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, पण माझ्यासाठी त्यांच्याजवळ शब्दच नव्हता. नुसता घशातला आवाज आला.

“काय सांगत होते?” मी त्या माणसाला विचारलं.

“काही नही, बाई. जुनी गोट.”

कुठली जुनी गोष्ट? ज्या वर्षांत मी आईच्या पदराला धरून वाट बघायची, आणि आप्पा वर्षातून तीनदा दोन-दोन दिवस पाहुण्यासारखे यायचे, त्या वर्षांतली. ती वर्षं या माणसाजवळ होती. माझ्याजवळ त्यांच्या जागी काहीच नव्हतं. मी त्यानं धुतलेली चादर पुन्हा धुतली. बिडीच्या वासावरून त्याला बोलले. आप्पांची दाढी त्यानं छान केली होती, तीही मला सहन झाली नाही. निघताना बजावलं, “त्यांच्याशी पावरीत नको, आमच्या बोलीत बोलत जा. नाही तर ते आपली भाषा विसरतील.”

मला माहीत होतं मी काय करत होते. पण तोंडानं मात्र काळजीच बोलत होते.

पुढच्या खेपेला आले तर घर गप्प. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले. गाल आत गेलेले.

तो माणूस उभा राहून म्हणाला, “बाई, पगार तू देस. तू सांगशी तसं करसू. पण डोकरा जेवस नही.”

“बोल त्यांच्याशी,” मी म्हटलं, आणि चुलीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं आतून दोघांचे आवाज येऊ लागले. आप्पांनी अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली. त्याच्या हातानं. मला बरं वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

होळीला तो पाच दिवस गावी गेला. मी रजा काढून आले, आणि आले ती आनंदात. आता पाच दिवस आप्पा माझे. त्यांच्या आवडीची खिचडी केली, डोक्याला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागले. पाणी दिलं, त्यांनी हात झटकला. लघवीचं भांडं आणलं, त्यांनी मान हलवली. पंख्यानं वारा घातला. ते तोच शब्द म्हणत राहिले, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी रस्त्यावर धावले. एक पावरा बाई लाकडाची मोळी घेऊन चालली होती. तिला तो शब्द म्हणून दाखवला. माझ्या उच्चाराला ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. हात पालथा करून दाखवत म्हणाली, “कूस बदल.”

सकाळपासून मी त्यांना एकाच कुशीवर ठेवलं होतं. वळवलं तेव्हा कमरेखालची कातडी लालभडक झालेली दिसली.

तो परतल्यावर मी मान खाली घालून त्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. त्यानं मला वीस-पंचवीस शब्द शिकवले. पाणी, भूक, थंडी, दुखतंय, बस माझ्याजवळ. मी शाळेत फळ्यावर मुलींकडून घोकून घेते तसे ते घोकले. पुढे मी पावरीत ‘दुखतंय का?’ विचारलं की आप्पा माझ्याकडे बघत, एखादा शब्द बोलत, आणि लगेच त्यांची नजर त्याला शोधायला दाराकडे जाई.

आप्पा गेले ते भर पावसाळ्यात. तापीला पूर होता, नाव बंद होती. मी पोचले तिसऱ्या दिवशी. सगळं उरकलं होतं. तो ओट्यावर बसला होता, त्यानं डोकं भादरलेलं होतं.

“शेवटी काय बोलले?” मी विचारलं.

“पानी मांगं. मी दिनं.”

पुढे विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, “कुठल्या बोलीत मागितलं?”

तो उठला, त्यानं मला बसायला घोंगडी टाकली, आणि आत चुलीवर माझ्यासाठी चहाचं आधण ठेवायला गेला.