दोन दिवसांचा सौदा

व्यंकट गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोह्याच्या बैलबाजारात होतो आणि माझा हात एका गिऱ्हाइकाच्या हातात होता. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. वर दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, टाकायची आणि खाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. मी हात काढून घेतला. सौदा मोडला. भाव ठरण्याआधी मी हात काढल्याचं मला आठवत नाही... ते व्यंकटने माझ्याकडून करवून घेतलं.

आम्ही दोघं बरोबरच या धंद्यात आलो. दोघांच्याही बापाकडे बैल नव्हते. मी आरडाओरडा करून भाव पाडायचो, तो हसत हसत. पण एका गोष्टीत त्याने कुणाला सूट दिली नाही. बैल मारका असो की एका डोळ्याने अधू, दस्ती टाकण्याआधी खोड सांगायची. एकदा मी गप्प बसून एक लंगडा बैल खपवला, तर त्याने भर बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारून परत बोलावलं. "आधी सांग, मग हात घाल," म्हणाला. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही.

गेल्या पावसाळ्यात तो म्हणाला, "बाबू, समुद्र बघायचा हाय." मी म्हटलं, दिवाळीनंतर जाऊ. "न्हाई, आत्ताच." मग कोकणातल्या एका लहान गावातली खोली मी फोनवरच निम्म्या भाड्यात पाडली आणि स्वतःवर खूश झालो. तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये शांत खाडी, होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या. गावात चिटपाखरू नाही. व्यंकटला होडीतून पाण्यात जायचं होतं. घरमालकीण काकू म्हणाल्या, "नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी होडी काढणार नाही हो. अजून आठ दिवस आहेत."

"निम्म्या भाड्यात निम्माच समुद्र घेतलास बे," व्यंकट म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी निघायचं काढलं. त्याने एका होडीच्या काठावर दस्ती टाकली. "घाल हात." सौदा दिवसांचा! त्याने आधी पंजा धरला, मग तीन बोटं... आठ. मी एक. तो सहावर आला. "बाजार कोण करंल, तुझा बाप?" मी ओरडलो आणि दोन बोटं धरली. "घे, तुझाच सौदा," तो म्हणाला. सहावरून एकदम दोनवर! व्यंकट असा कधी उतरत नसे. मला तिथेच शंका यायला हवी होती, पण मी जिंकलो होतो. सौदा झाला तरी तो हात सोडेना. "सोड की, लोक बघून राहिले," मी म्हटलं. त्याने रिकाम्या किनाऱ्याकडे बघितलं. "कोण हाय इथं?" मी हात ओढून घेतला.

तेराव्याला त्याच्या बायकोकडून, सुमनवहिनींकडून कळलं. थोडेच महिने उरलेत हे नांदेडच्या डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं, आम्ही कोकणात निघण्याच्याही आधी. पाहुण्यांसमोर मी भडकलो, "मला का न्हाई सांगितलं?" वहिनी म्हणाल्या, "मी बी हेच म्हणले. तर हे म्हणले, सांगितलं की बाबू भाव करणार न्हाई, नुसता हाव-हाव म्हणून मान हलवंल. असल्या माणसासंगं काय फिरायचं?"

हे काही उत्तर झालं? जन्मभर दुसऱ्यांना खोड सांगायला लावली आणि स्वतःची लपवून माझ्याशी सौदा केला. खोड लपवलेला सौदा आमच्या बाजारात मोडता येतो. हा मी कुणाकडे जाऊन मोडू? आणि त्याचा अंदाज बरोबर होता, याचाच जास्त राग येतो. सांगितलं असतं तर मी आठच काय, वीस दिवस थांबलो असतो, आणि थोबाड पाडून बसलो असतो.

वहिनींनी त्याची दस्ती मला दिली. खाऱ्या हवेने ती अजून कडक आहे. बायको धुवायला मागते, मी खेकसतो. बाजारात मी ती नेत नाही, दाराजवळच्या खुंटीला असते. परवा निघताना तिच्याखाली हात घातला आणि तसाच उभा राहिलो, बाजाराला उशीर होईपर्यंत. घरात कोणी नव्हतं.